भामरे मॅडम आणि अकरा नंबर

भामरे मॅडमना एकट्या माणसाचं म्हणणं कधी पटत नसे. कोणी येऊन म्हणालं, प्राचार्यांनी बोलावलंय, की त्या मान वर न करता विचारायच्या, "आणखी कोण म्हणतं?" जळगावच्या बसस्टँडवर साक्रीच्या गाडीची वेळ त्या आधी चौकशीच्या खिडकीत विचारत, मग एखाद्या कंडक्टरला, मग पिशव्या घेऊन बसलेल्या एखाद्या बाईला. तिघांचं जुळलं तरच बाकावर टेकत, नाहीतर उभ्याच. अकरा वर्षं माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, आणि माझ्या तोंडचं एकही वाक्य त्यांनी दुसऱ्या साक्षीदाराशिवाय मान्य केल्याचं मला आठवत नाही. मला त्याचा राग यायचा. आपण काय खोटं बोलतो का, असं वाटायचं.

आयुष्यात एकदाच त्यांनी एकट्याचं ऐकलं. एकोणीस बायकांचा जीव तेव्हा त्यांच्या एका शब्दावर टांगलेला होता. मी तिथेच, त्यांच्यापासून दोन हातांवर बसलेलो होतो. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवत, मी इलेक्ट्रॉनिक्स. त्या साक्री तालुक्यातल्या, डोंगराकडच्या खेड्यातल्या, मी मुक्ताईनगरचा. त्यांची अहिराणी माझ्या डोक्यावरून जायची, आणि आमच्याकडची बोली ऐकून त्यांना हसू यायचं. एरवी त्या फारशा हसत नसत, म्हणून मी मुद्दाम घरच्यासारखं बोलायचो. ठेंगणी, काटक बाई. साडीला दोन पिना, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत नेहमी फुटाणे असायचे. ते त्या कोणाला देत नसत, पण मागितले तर नाही म्हणत नसत.

पेन्सिल त्यांनी कधी हातात धरली नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. विद्यार्थ्यानं जर्नलमध्ये व्हाइटनर लावला की ते जर्नल सरळ परत जाई. एकदा एका मुलीनं रडत विचारलं, मॅडम, एवढं काय त्यात? मॅडम म्हणाल्या, "चुकलेलं दिसू दे ना. तू झाकलंस की मला वाटतं, अजून काहीतरी झाकलंय." आणि तिला मूठभर फुटाणे दिले.

अशा बाईनं पुढे रोबोंचा कळप बांधावा आणि तो ब्लॉकचेनवर चालवावा, ह्यात नवल काहीच नव्हतं. त्यांच्या स्वभावालाच त्यांनी चाकं लावली होती म्हणा ना.

कळप म्हणजे पंधरा छोटे रोबो, जेवणाच्या ताटाएवढे, पोरं त्यांना कासवं म्हणत. त्यांना हुकूम सोडणारा कोणी मुख्य नाही. प्रत्येकानं आपल्यापुरतं बघायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. आता त्यातला एखादा बिघडला, किंवा कोणी मुद्दाम बिघडवला, तर तो सगळ्यांना फसवणार. त्यावर मॅडमचा उपाय असा की एकानं सांगितलेलं खरं धरायचंच नाही. शेजारच्या तिघांनी तिथे जाऊन स्वतः बघायचं. त्यांचं पटलं तर ती नोंद सगळ्यांच्या वहीत एकाच वेळी चढायची, नाही पटलं तर "अमान्य" म्हणून चढायची. एकदा चढलेली नोंद कोणाला खोडता येत नाही. मागचं एक पान बदललं की पुढची सगळी पानं जुळेनाशी होतात. आणि ज्याचं म्हणणं तीन वेळा अमान्य झालं, त्याला कळप वाळीत टाकतो. तो असेल तिथे थांबतो, त्याचं कोणी ऐकत नाही.

प्रयोगशाळेत त्यांनी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एका कासवाला मुद्दाम खोटं बोलायला शिकवलं होतं. त्यानं तीनदा थाप मारली, तीनदा बाकीचे जाऊन बघून आले, आणि चौथ्या वेळी कोणी जागचं हललं नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांना टाळ्या वाजवताना मी तेवढंच पाहिलं.

कळपाला काम मिळालं ते भडगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. मालक रतनशेठ, पणजोबा राजस्थानातून आलेले, स्वतः शेठजी मात्र बोलायला लागले की पक्के खानदेशी. जिनिंगच्या अंगणात कापसाच्या दोन मजली गंज्या लागतात. ओला कापूस आत दबला की तापतो, कधी ट्रकमधून ठिणगी येते, आणि आग दिवस-दिवस आतल्या आत धुमसते. वर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमच्या कासवांच्या कपाळावर उष्णता ओळखणारा डोळा होता. त्यांनी गंजीवर फिरत राहायचं, पृष्ठभाग कुठे तापतोय ते हेरायचं, आणि पुरेशांचं एकमत झालं की भोंगा वाजवायचा.

त्याआधी हे काम सुपडाअक्का करायची. अक्का बायकांच्या टोळीची मुकादम. लांब लोखंडी सळई गंजीत खुपसायची, थोडा वेळ ठेवायची, ओढून काढायची आणि उलट्या पंजानं चाचपायची. आदल्या हंगामात सळई खुपसताना तिची भाची कापसात छातीपर्यंत रुतली होती. चौघींनी मिळून तिला ओढून काढलं. तरी अक्का सळई सोडायला तयार नव्हती.

"हाई मशीन माले सांगी का, कापूस तापना ते?" तिनं विचारलं.

"सांगी," मॅडम म्हणाल्या. "एकलं नही, पंधरा मिळीसन सांगतीन."

"आन चुकनं ते?"

"एक चुकी. पंधरा कसा चुकतीन, अक्का?"

दोघी बराच वेळ वजनकाट्याच्या केबिनबाहेर बोलत बसल्या. शेवटी अक्कानं सळई आणून मॅडमच्या हातात दिली. ठरलं ते असं: ह्या हंगामात सळई नाही, भोंगा वाजला की टोळी खाली, नाही वाजला तर काम चालू. मॅडमनी शब्द दिला, ह्या हंगामात तुझ्या बायकांना काही होणार नाही. मी म्हटलं, मॅडम, असं कोणाला लिहून देऊ नका. त्या म्हणाल्या, "लिहून कुठे दिलंय? बोललेय." त्यांच्या लेखी ते जास्त होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेठजींची अट वेगळी होती. भोंगा वाजला की पाणी मारावं लागणार, पाणी मारलं की कापूस गेला. तेव्हा एकदा जरी खोटा भोंगा झाला तर कासवं उचलायची. मॅडमनी कबूल केलं, आणि वर स्वतःहून नियम लिहिला की कळपाच्या निर्णयात कोणाही माणसानं, अगदी त्यांनीसुद्धा, हात घालायचा नाही. पुढे आमचं संशोधनाचं अनुदानही त्याच नियमावर मंजूर झालं.

खंडेनवमीला मॅडम गावी गेल्या होत्या. जिनिंगमध्ये यंत्रांची पूजा होती. शेठजी म्हणाले, सर, तुमच्या कासवांनापण ओळीत ठेवा, तीही यंत्रंच ना? मला बरं वाटलं. अकरा नंबरचा पट्टा तुटला होता, तो जळगावला माझ्या टेबलावर उघडा पडला होता. बाकीची चौदा मी फडक्यानं पुसून पाटावर मांडली, झेंडू वाहिला, हळद लावली आणि कुंकू पाण्यात कालवून प्रत्येकाच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. कपाळ म्हणजे पुढे, मधोमध, जिथे काच चमकते तिथे. ते चौदा डोळे मी माझ्या हातानं सोल्डर केले होते. तरी कुंकवाचं बोट टेकवताना मला एकदाही वाटलं नाही की आपण काय करतोय. सगळे हात जोडून उभे होते, मीही उभा होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. मी अकरा नंबर दुरुस्त करून नेला होता, मॅडम परस्पर साक्रीहून आल्या. आदल्या आठवड्यात परतीचा पाऊस झालेला, कापूस दमट. अक्काची टोळी, एकोणीस बायका, गंजीवर चढून कापूस सैल करून तो आत ओढून घेणाऱ्या पाइपाकडे लोटत होती. आम्ही केबिनमध्ये लॅपटॉपसमोर बसलो.

अकराच्या सुमारास अकरा नंबरनं सांगितलं, उत्तरेच्या कोपऱ्यात गरम आहे. शेजारची तीन कासवं गेली. थंड. अमान्य.

दहा मिनिटांनी तेच. तीन दुसरी गेली. थंड. अमान्य.

"वायर हलली असेल," मी म्हणालो. "कालपर्यंत उघडाच होता तो."

मॅडमची नजर पडद्यावरच होती. फुटाण्याची पुडी उघडली होती, ती तशीच राहिली. खिडकीतून बायका दिसत होत्या, त्यातल्या सहा-सात जणी उत्तरेच्याच अंगाला होत्या. एक गाणं म्हणत होती आणि बाकीच्या तिला चिडवत होत्या.

तिसऱ्यांदा अकरा नंबर बोलला. तिसऱ्यांदा अमान्य झाला आणि पडद्यावर त्याचा ठिपका करडा झाला. वाळीत. तो होता त्या जागी गंजीवर थांबला.

"बरं झालं," मी म्हणालो. "संध्याकाळी उतरवून बघतो."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पडद्याला बोट लावलं. "तीनही वेळा ह्याचा आकडा वाढलाय. बिघडलेलं यंत्र काहीही बरळतं, सर. हा एकाच दिशेनं बोलतोय." मग बाकीच्या चौदांच्या नोंदी वर सरकवल्या. "आणि हे बघा. नऊ वाजल्यापासून ऊन एवढं चढलं, ह्यांचा आकडा हलायला तयार नाही. चौदाच्या चौदा तस्सेच. ह्यांना काय झालंय?"

त्याच क्षणी मला कळलं. पाट, झेंडू, चौदा टिळे, सगळं डोळ्यांपुढे आलं. डोळ्यांवर वाळलेलं कुंकू होतं आणि ती कासवं गंजी बघतच नव्हती, ती कुंकू बघत होती.

"सर," मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणखी कोण म्हणतं?"

त्यांना एकच हवा होता. अकरा नंबरच्या बाजूनं बोलणारा दुसरा कोणीतरी. तो मी होतो, आणि मी गप्प बसलो. किती वेळ? मनात दहापर्यंत मोजता येईल एवढा. शेठजी काय म्हणतील, अनुदानाचं काय होईल, कॉलेजात पोरं कशी हसतील, एवढं सगळं त्या दहा आकड्यांत माझ्या डोक्यातून गेलं. बायकांचं गाणं ऐकू येत होतं, तरी गेलं.

मॅडमनी माझी वाट बघितली नाही. खुर्ची मागे पडली, त्या धावत सुटल्या. मी मागून धावलो. शिडीशी चपला सोडून त्या गंजीवर चढायला लागल्या आणि ओरडल्या, "अक्का, बायास्ले खाले उतार!"

अक्का वरून वाकली. "भोंगा ते वाजना नही, ताई."

"नही वाजना. उतार."

"तूच सांगेल व्हतं, भोंगा वाजाशिवाय काम थांबाडानं नही." अक्कानं कमरेवर हात ठेवले. तिनं तयारीच्या महिन्यांत मॅडमचं बोलणं ऐकलं होतं, म्हणून विचारलं, "आखो कोन सांगस?"

"कोनी नही. मी एकलीच सांगस."

मी खाली उभा होतो. तेव्हाही बोलता आलं असतं. अक्कानं मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. बायका घसरत, एकमेकींना ओढत खाली आल्या. मॅडम मात्र वर गेल्या, अकरा नंबर थांबला होता तिथे गुडघ्यांवर बसल्या आणि उजवा हात खांद्यापर्यंत कापसात घातला. लगेच ओढून काढला. हात पोटाशी धरून त्या उतरल्या, आणि त्यांच्यामागे, हात घातला होता त्या भोकातून, धुराची बारीक रेघ वर आली.

पुढचं सगळं भराभर झालं. वारा आत गेला तशी आग वर आली. भोंगा हातानं वाजवला, बंब आला, अर्धी गंजी गेली. उत्तरेची बाजू आत खचली तेव्हा जो खड्डा पडला त्यात आमची तीन कासवं गेली. पंधरा मिनिटांपूर्वी तिथे बायका उभ्या होत्या. शेठजी काट्याच्या पायरीवर बसून राहिले आणि पाणी मागत राहिले.

माणसांपैकी भाजला तो फक्त मॅडमचा हात. दवाखान्यातून पट्टी बांधून त्या परत आल्या तेव्हा मी त्यांना कुंकवाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुसून पाहिलंत?" मी उरलेल्यांपैकी तीन कासवं पुसली. तिन्हींचे आकडे उडी मारून वर गेले. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं, आता त्या उठून जातील. गेल्या नाहीत. डाव्या हातानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी नोंद चढवली: चौदा चुकले, अकरा बरोबर होता, नियम मोडून मी माणसं उतरवली. खाली स्वतःचं नाव. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुमचं तुम्ही लिहा. तुमच्या जागी मला सही करता येत नाही."

मी कुंकवाचं लिहिलं. गप्प बसल्याचं लिहिलं नाही. ते आज इथे लिहितोय.

अनुदानाची समिती आठ दिवसांनी येणार होती. प्राचार्यांनी सुचवलं, नोंदींची नवी साखळी सुरू करा, जुनी कोण बघतंय? मीही म्हणालो. खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मीच म्हणालो. मॅडम म्हणाल्या, "मग व्हाइटनर काय वाईट होता?" समितीपुढे त्यांनी सगळ्या नोंदी जशाच्या तशा उघडल्या. समितीतले लोक सभ्य होते. त्यांनी एवढंच विचारलं की कळपानं एकमतानं चूक केली, आणि ती चूक तुम्ही नियम मोडून सावरली, तर मग ह्या कळपात भरवसा नक्की कशावर ठेवायचा? मॅडम म्हणाल्या, "साक्षीदार वेगवेगळे असावे लागतात. माझे चौदाही एकाच हातातून गेलेले होते, हे मी धरलं नव्हतं. चूक माझी." पैसे थांबले. कासवं कपाटात गेली. सहा वर्षांचं काम होतं ते, आणि मॅडमच्या आवाजात कुठे कंप आला असेल तर मला तरी तो ऐकू आला नाही.

मला वाटलं, संपलं. मॅडमच्या लेखी हंगाम संपला नव्हता.

त्यांनी भडगावात खोली घेतली. रोज पहाटे जिनिंगमध्ये जायचं, टोळी चढायच्या आधी सळई घेऊन दोन्ही गंज्या तपासायच्या, मग पहिल्या बसनं जळगाव, साडेदहाला तास. संध्याकाळी परत. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती, त्या डाव्या हातानं खुपसायच्या. अक्का म्हणाली, ताई, आमना आम्ही करसूत. मॅडमनी ऐकलं नाही. अक्काला सळई टाकायला त्यांनी लावली होती आणि शब्दही त्यांनीच दिला होता. कॉलेजात लोक म्हणायचे, बाई बिघडल्या. मी रविवारी जायला लागलो. त्यांनी ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. एक दुसरी सळई मात्र कोपऱ्यात ठेवलेली दिसायला लागली.

त्या उन्हाळ्यात त्यांनी धुळ्याला बदली मागून घेतली. नंतर दोनदा फोन झाला, भेट झाली नाही. मग त्या गेल्याचंच कळलं. मला त्या दिसतात त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी.

मार्च संपत आला होता. शेवटचा कापूस पाइपात गेला आणि यंत्रं थांबली. इतके महिने कान भरून राहिलेला आवाज बंद झाला तसं अंगण केवढं मोठं आहे ते कळलं. बायका झाडू मारून, तोंडावरचे फडके सोडून, डबे-पिशव्या गोळा करून फाटकाशी येत होत्या. मॅडम फरशीच्या मधोमध उभ्या होत्या, डोक्याला रुमाल, भुवयांवर रुई.

"अक्का," सगळ्या आल्या का ते बघत त्यांनी हाक मारली, "बठ्ठ्या शेतस ना?"

"बठ्ठ्या शेतस, ताई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. आगीच्या दिवसानंतर त्यांनी मला काहीच विचारलं नव्हतं.

"सर, तुम्ही मोजा."

मी एकेकीकडे बोट करत मोजायला लागलो, तशा बायका हसायला लागल्या, त्यात माझा आकडा चुकला, मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ह्या वेळी मोठ्यानं.

"एकोणीस," मी म्हणालो.

मॅडमनी मान डोलावली आणि त्या तिथेच फरशीवर खाली बसल्या. तिसऱ्या कोणाला त्यांनी विचारलं नाही.